विश्लेषण : जवळपास उभ्या वॉटर स्लाइडवर माणूस हवेत का उडत नाही? आणि कधी उडतो?

चांदूर रेल्वे स्थानकावर न थांबणारी सुपरफास्ट गाडी धडधडत निघून जाते, तेव्हा फलाटावरची माणसे आपसूक दोन पावले मागे सरकतात. ताशी शंभर किलोमीटरचा वेग जवळून कसा दिसतो, हे चांदूरकरांना वेगळे सांगायला नको. साधारण त्याच वेगाने, उघड्या रबरी तराफ्यात बसून पाण्यावरून खाली यायची सोय अमेरिकेतील कॅन्सस सिटीमध्ये २०१४ साली झाली. राइडचे नाव होते ‘फेरुक्ट’. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वेडा’. जगातील सर्वांत उंच वॉटर स्लाइड म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली ही राइड जेमतेम दोन वर्षे चालली. ७ ऑगस्ट २०१६ रोजी तिच्यावर एका १० वर्षांच्या मुलाचा जीव गेला आणि ती कायमची बंद झाली.

आता पुन्हा सुट्ट्या सुरू झाल्या आहेत. अमरावती-अकोल्यात पारा चढला, की कुटुंबे नागपूरच्या आसपासच्या वॉटर पार्ककडे निघतात. जरा ऐपत आणि हौस असेल तर शिर्डी, लोणावळा, खोपोली. तिथे सगळ्यांत लांब रांग असते ती सगळ्यांत उंच, सगळ्यांत उभ्या घसरगुंडीची. त्या घसरगुंडीमागे गणित काय असते, कुठे चुकू शकते आणि वर चढल्यावर ‘पाय क्रॉस करा’ असे का बजावतात?

वेग किती, हे उंचीच ठरवते

घर्षण आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर खाली पोहोचतानाचा वेग फक्त उंचीवर अवलंबून असतो. १० मीटरवरून आलात तर ताशी ५० किलोमीटर, २० मीटरवरून ७१, ४० मीटरवरून १०१. उंची दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. घसरगुंडी तिरकी असो की उभी, आदर्श हिशेबात शेवटचा वेग तोच. उभी असली तर तो लवकर मिळतो, एवढाच फरक.

प्रत्यक्षात घर्षण असते. पाण्याचा पातळ थर ते खूप कमी करतो, पण शून्य करत नाही. पाणी तिथे फक्त थंडाव्यासाठी नसते; ते या यंत्राचे वंगण आहे. पंप अडखळला आणि मधला पट्टा कोरडा पडला, तर वरून वेगात येणारा माणूस तिथे अचानक मंदावतो, कातडी सोलवटते आणि मागून येणारा त्याच्यावर आदळू शकतो. म्हणून चांगल्या पार्कमध्ये पाण्याचा प्रवाह ठरलेल्या मर्यादेखाली गेला, की वरून माणसे सोडणे लगेच थांबवतात.

वजनाबद्दल एक गैरसमज आहे. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडते, हे शाळेत शिकलेले असते. ते निर्वात पोकळीत खरे. घसरगुंडीवर हवा असते, आणि हवेचा विरोध शरीराच्या आकारावर अवलंबून असतो. ९० किलोच्या आणि ४० किलोच्या माणसाचा आकार सव्वादोन पट वेगळा नसतो. त्यामुळे जड माणसाला हवा तुलनेने कमी रोखते आणि तो थोडा जास्त वेगाने खाली येतो. थोडाच. पण हा ‘थोडा’ पुढे फार महागात पडतो.

अप्पर वर्धाच्या सांडव्याशी नाते

स्लाइड किती उभी करता येईल, या प्रश्नाचे उत्तर अमरावती जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले आहे. मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे १३ दरवाजे उघडतात, तेव्हा पाणी पाहायला गर्दी लोटते. मोठ्या धरणांच्या दरवाजांखालचा सांडवा बहुतेक वेळा एका खास आकाराचा असतो. माथ्यावर गोलसर, मग झपकन उतरणारा, तळाशी पुन्हा वर वळणारा. अभियंते त्याला ‘ओजी’ म्हणतात.

हा आकार सौंदर्यासाठी निवडलेला नसतो. एखाद्या कठड्यावरून पाणी मोकळे सोडले, तर त्याची धार हवेत एक ठरावीक वक्र काढत खाली येते. त्या धारेच्या पोटाखाली बरोबर बसेल असे काँक्रीट भरले, की पाणी काँक्रीटला चिकटून उतरते. ना दाबते, ना सुटते. धरणात अपेक्षेपेक्षा जास्त पाणी चढले, तर धार अधिक लांब उडी मारू पाहते, काँक्रीटपासून सुटायला लागते आणि मध्ये खेचणारा ऋण दाब तयार होतो. असे होऊ नये म्हणून सांडव्यांची लहान प्रतिरूपे बांधून चाचण्या करतात. १९१६ मध्ये सुरू झालेली, पुण्याजवळ खडकवासल्यात असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था हेच काम करते.

वॉटर स्लाइडवर पाण्याच्या धारेच्या जागी माणूस असतो, बाकी प्रश्न तोच. माथ्यावरून माणूस सेकंदाला २ मीटर वेगाने कड्यावर आला असे धरा. खाली काहीच नसेल, तर तो १ मीटर पुढे जाईपर्यंत १.२ मीटर खाली आणि २ मीटर पुढे जाईपर्यंत ४.९ मीटर खाली गेलेला असेल. स्लाइडचा पृष्ठभाग या वक्रापेक्षा किंचित कमी उभा ठेवला, तर पाठ पृष्ठभागाला टेकलेली राहते. जास्त उभा केला, तर माणूस हवेत.

आता हाच माणूस धावत येऊन सेकंदाला ४ मीटरने सुटला तर? २ मीटर पुढे गेला तरी तो फक्त १.२ मीटर खाली आलेला असेल. स्लाइड मात्र त्याच्यासाठी बनवलेली नाही. ती तिथे जवळपास पाच मीटर खाली आहे. मधल्या साडेतीन मीटरपेक्षा जास्त अंतरात त्याला धरायला काही नाही.

‘धावत येऊ नका, बसूनच सुरुवात करा’ ही पाटी म्हणजे नुसती शिस्तीची सूचना नव्हे. ती आकडेमोडीतली एक संख्या आहे, फक्त मराठीत लिहिलेली.

अगदी ९० अंशांत पाडायचे असेल, तर आडवा वेगच शून्य करावा लागतो. त्यासाठी माणसाला बंद कॅप्सूलमध्ये उभे करतात आणि पायाखालची फळी एकदम सरकवतात. खोपोलीच्या इमॅजिका वॉटर पार्कमधील ‘लूपी वूपी’ ही अशीच राइड. खाली गेल्यावर ती माणसाला एका वळशातून फिरवते. दिसायला ही सर्वांत भीतीदायक, पण रचनेच्या दृष्टीने एक गोष्ट तिथे हाताबाहेर जात नाही : सुटण्याचा वेग. कोणी धावू शकत नाही, कोणी उडी मारू शकत नाही, आणि चहूबाजूंनी नळी असल्याने बाहेर फेकले जाणेही नाही.

पडणे सोपे, वळणे अवघड

उभ्या उतारावर शरीरावर फारसा भार नसतोच. पोटात गोळा येतो तो त्यामुळेच. खरा भार येतो तळाशी, उभी दिशा आडवी होताना.

याचा हिशेब गमतीशीरपणे सोपा आहे. उंचीच्या दुपटीला तळाच्या वळणाच्या त्रिज्येने भागा आणि त्यात १ मिळवा. जे येईल, तितके पट वजन क्षणभर जाणवते. २० मीटर उंचीची स्लाइड २० मीटर त्रिज्येच्या वळणाने आडवी केली, तर ३ पट. ६० किलोच्या माणसाला १८० किलोचा भार. जागा वाचवण्यासाठी तेच वळण १० मीटरचे केले, तर ५ पट. मान आणि कणा अशा वेळी कसे ठेवले आहेत, याला महत्त्व येते. ‘डोके टेकवा, झोपून राहा’ ही सूचना इथली.

पूर्ण गोल वळसा घालायचा असेल तर प्रकरण आणखी बिघडते. गोलाच्या माथ्यावर माणूस सुटू नये म्हणून त्रिज्येच्या किमान अडीच पट उंचीवरून यावे लागते, आणि मग तळाशी भार सरळ ६ पट होतो. अमेरिकेतील न्यू जर्सीच्या ‘अ‍ॅक्शन पार्क’ने १९८५ मध्ये असा उभा गोल वळसा असलेली स्लाइड उघडली होती, ती लवकरच बंद करावी लागली. आजच्या वळसेवाल्या स्लाइडमध्ये गोल उभा नसतो, तो बाजूला कलवलेला असतो. २००८ नंतर हा प्रकार जगभर पसरला.

शेवटी थांबायचे कसे? ताशी ७२ किलोमीटरने आलेल्या माणसाला सुसह्य पद्धतीने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने रोखायचे, तर सुमारे ४० मीटरचा सपाट पट्टा लागतो. त्या पट्ट्यात साचवलेले पाणी ब्रेकचे काम करते. उथळ असेल तर माणूस पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो, खोल असेल तर भिंतीवर आपटल्यासारखा थांबतो. पाण्याची पातळी दोन-चार इंचांनी बदलली तरी फरक पडतो, म्हणून ती रोज मोजावी लागते. वॉटर पार्कमधले हे सगळ्यांत कंटाळवाणे काम, आणि बहुधा सगळ्यांत महत्त्वाचे.

पाय क्रॉस करण्यामागचे कारणही इथेच आहे. २० मीटर उंचीवरून आलेले शरीर पाण्यात शिरते तेव्हा समोरच्या पाण्याचा दाब, २० मीटर उंच टाकीच्या तळाशी असतो तितका भरतो. पाय फाकलेले असतील, तर हा दाब थेट शरीराच्या नाजूक भागावर येतो. स्त्रियांना यातून गंभीर अंतर्गत दुखापत होऊ शकते. फ्लोरिडातील डिस्नेच्या ‘टायफून लगून’ पार्कमधील एका उंच स्लाइडवर २०१९ मध्ये अशी इजा झाल्याचा दावा करत एका महिलेने २०२३ मध्ये न्यायालयात धाव घेतली. शरीर क्षणभर हवेत गेले आणि क्रॉस केलेले पाय सुटले, असे तिचे म्हणणे होते. समाजमाध्यमांवर या बातमीची थट्टाच जास्त झाली. घरच्या मुलींना ही गोष्ट संकोच न करता सांगायला हवी, इतपत ती गंभीर आहे.

फेरुक्टमध्ये नेमके काय चुकले?

सावंगा विठोबाला गुढीपाडव्याच्या यात्रेत ज्या उंच झेंड्यांना नवी खोळ चढवतात, ते सत्तर फुटांहून थोडे उंच आहेत. असे दोन झेंडे एकावर एक उभे केले तरी फेरुक्टचा माथा वरच राहील. उंची १६८ फूट, म्हणजे ५१ मीटरच्या पुढे. वर जायला २६४ पायऱ्या.

मात्र उंचीमुळे अपघात झाला, असे म्हणणे चूक ठरेल. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहराजवळ ४१ मीटर उंचीची ‘इन्सानो’ ही स्लाइड १९८९ मध्येच उघडली होती. ती सरळ खाली येते आणि थांबते. फेरुक्ट खाली आल्यावर पुन्हा सुमारे ५० फुटांच्या उंचवट्यावर चढायची आणि मग दुसऱ्यांदा उतरायची. चढावर तराफ्याला ढकलायला पाण्याचे जोरदार फवारे होते. घात झाला तो या उंचवट्यावर.

उंचवट्याच्या माथ्यावर सांडव्याचाच नियम उलट बाजूने लागू होतो. तराफा ताशी ७० किलोमीटरने माथ्यावर आला, तर तो चिकटून राहायला माथ्याची त्रिज्या किमान ३९ मीटर हवी. ८० किलोमीटरने आला, तर ५० मीटर. वेग सातव्या भागाने वाढला आणि गरज जवळपास तिसऱ्या भागाने. सगळे तराफे एकाच वेगाने आले असते, तर काम सोपे होते. पण एका तराफ्यात तिघे बसत आणि त्यांचे एकूण वजन ४०० ते ५५० पौंड, म्हणजे १८१ ते २४९ किलोंच्या दरम्यान असावे, असा नियम होता. इतक्या रुंद पट्ट्यातला प्रत्येक तराफा वेगळ्या वेगाने माथ्यावर येणार, आणि माथा तर एकच.

चाचण्यांमध्ये वाळूची पोती भरलेले तराफे उडाले होते. उद्घाटन पुढे ढकलावे लागले, बांधलेला भाग पाडून पुन्हा बांधला गेला. अखेर १० जुलै २०१४ रोजी राइड सुरू झाली. स्लाइडवर लोखंडी कमानी आणि त्यांना ताणलेली जाळी होती : तराफा उडालाच, तर माणसे बाहेर पडू नयेत म्हणून.

अपघाताच्या दिवशी पार्कमध्ये लोकप्रतिनिधींच्या कुटुंबांसाठी खास दिवस होता. गेलेला मुलगा कॅन्ससचे आमदार स्कॉट श्वाब यांचा. तो पुढच्या जागेवर होता, वजन सुमारे ३४ किलो. मागे दोन अनोळखी महिला, दोघींचे मिळून २१० किलोंहून अधिक. तिघांची बेरीज मर्यादेच्या आत होती, जेमतेम. बेरीज बरोबर होती, पण वजनाची वाटणी नव्हती : पुढचे टोक हलके, मागचे जड. दुसऱ्या उंचवट्यावर तराफा वर उचलला गेला आणि मुलगा जाळी धरून ठेवणाऱ्या लोखंडी कमानीवर आदळला. मानेच्या इजेने तो जागीच गेला. दोन्ही महिलांच्या चेहऱ्यांना दुखापत झाली. वाचवण्यासाठी लावलेली कमानच आदळण्याची जागा ठरली, ही या सगळ्यातली सर्वांत बोचणारी बाब.

मार्च २०१८ मध्ये पार्कचे सहमालक जेफ हेन्री, रचनाकार जॉन स्कूली आणि एका माजी व्यवस्थापकावर आरोप ठेवण्यात आले. आरोपपत्राचे म्हणणे असे : हेन्री आणि स्कूली या दोघांकडेही अभियांत्रिकीची तांत्रिक पात्रता नव्हती, तराफ्याचा वेग आणि मार्ग यांची आधी आकडेमोड न करता ‘करून पाहू’ या पद्धतीने स्लाइड उभी राहिली, एका टीव्ही वाहिनीला चकित करण्यासाठी घाई झाली, किमान १४ वर्षे वयाची अट सुरुवातीलाच काढून टाकली गेली, आणि मृत्यूपूर्वी डझनभराहून अधिक जण जखमी झाले होते. आरोपींनी हे नाकारले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच रद्द केला, कारण ग्रँड ज्युरीला एका टीव्ही कार्यक्रमातील नाट्यमय दृश्ये आणि दाखवू नये असा अन्य पुरावा दाखवला गेला होता. म्हणजे आरोप खरे की खोटे, याचा फैसला झालाच नाही. मुलाच्या कुटुंबाला सुमारे २ कोटी डॉलरची नुकसानभरपाई मिळाली. स्लाइड २०१८ मध्ये पाडण्यात आली.

तपासतो कोण?

अमेरिकेसारख्या देशात हे कसे घडले, असे वाटू शकते. तिथे एका जागी कायम उभ्या असलेल्या राइड्सवर केंद्र सरकारचे नियंत्रण १९८१ पासून नाही. प्रत्येक राज्य आपापले बघते. कॅन्ससमध्ये तेव्हा पार्कने खासगी तपासनीस नेमून तपासणी केली तरी चालत असे. अपघातानंतर २०१७ मध्ये तिथे कायदा कडक झाला.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने करमणुकीच्या राइड्ससाठी मानके तयार केलेली आहेत. पण मानक असणे आणि ते सक्तीने तपासले जाणे यात अंतर आहे, आणि परवानगी देणारे हात अनेक असतात. अहमदाबादच्या कांकरिया तलावावर १४ जुलै २०१९ रोजी झोका घेणारी एक राइड मधोमध तुटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा देखभाल आणि तपासणीचाच प्रश्न पुढे आला. वॉटर स्लाइडचे दोष तर पाळण्यासारखे दिसतही नाहीत. नट सैल असेल तर आवाज येतो. माथ्याची त्रिज्या कमी असेल तर काहीच आवाज येत नाही. ती चूक बांधकामाच्या आधी, कागदावरच पकडावी लागते.

रांगेत उभे असताना

सामान्य माणूस त्रिज्या मोजू शकत नाही. पण काही गोष्टी डोळ्यांना दिसतात. एकापेक्षा जास्त जण बसणाऱ्या तराफ्याच्या उंच राइडवर वर वजनकाटा आहे का, आणि तो वापरतात का? ‘चालतंय, बसा’ म्हणून आकडा न बघता सोडत असतील, तर उतरून परत येण्यात कमीपणा नाही. कोणी कुठे बसायचे, हे कर्मचारी ठरवतो की तुम्हीच? जड माणूस कुठे आणि लहान मूल कुठे, हा मर्जीचा प्रश्न नाही. उंचीची खूण केलेला खांब प्रवेशाशी आहे आणि मूल बुटके निघाले तर खरोखर परत पाठवतात का? अशा वेळी वडीलमंडळी हुज्जत घालतात, ‘इतक्या लांबून आलोय’ म्हणतात. तो कर्मचारी ऐकत नसेल, तर पार्क चांगला आहे.

आणि सोडणाऱ्या माणसाकडे बघा. खालून पहिला पाण्याबाहेर पडल्याचा इशारा आल्याशिवाय दुसऱ्याला सोडायचे नाही, एवढेच त्याचे काम. मे महिन्याच्या रविवारी, भर दुपारी, मागे दीडशे माणसे ओरडत असताना ते काम तो बहुधा एकटाच करत असतो.